मोहाच्या झाडांची वही

आणीबाणी नुकतीच उठली होती. मी नाशिकला वनखात्यात कारकून होतो. एरवी खुर्ची सोडत नसे, पण त्या हिवाळ्यात मला पेठच्या पलीकडच्या एका पाड्यावर मोहाची झाडं मोजायला पाठवलं. तिथली फुलं वेचायचा हक्क पहिल्यांदाच लिलावात निघणार होता आणि आपण ठेकेदाराला नेमकं काय देतोय, हे साहेबांना हवं होतं. मला सगळं ठाऊक होतं. पाड्यावर कोणी विचारलं नाही आणि मीही आपणहून तोंड उघडलं नाही.

रान दाखवायला एक बाई बरोबर आली. तिच्याकडून कळलं की तिथल्या प्रत्येक मोहाला मालक होता. कागदावर नव्हता, पण पाड्यावर सगळ्यांना पाठ होता. हे झाड अमक्याच्या आज्याचं, ते लेकीला लग्नात दिलेलं. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नसे, मग ते तिथेच सडून जाईना का. बाईचं झाड ओढ्याच्या काठाला होतं, आईने दिलेलं. आषाढात घरातली नागली संपली की त्याचीच वाळवलेली फुलं उकडून ती पोरांना घालायची.

मी खोडावर पांढऱ्या रंगाने नंबर टाकून वहीत उतरवत होतो. बाई म्हणाली, "नंबराफुडं नाव बी लिवा की भाऊ. नाय तर झाड कुनाचं ते कसं कळंल?"

तिला वाटलं, सरकारला उशिरा का होईना अक्कल आली आणि ज्याचं झाड त्याच्या नावावर करायला माणूस धाडला. मग काय, सगळा पाडा गोळा झाला. एकानेही दुसऱ्याचं झाड आपलं म्हणून सांगितलं नाही. मी पेन्सिलीने नावं लिहीत गेलो. माणसं खूश होती, मला मान मिळत होता आणि खरं सांगायची छाती नव्हती. निघताना पाहिलं तर बाईने तिच्या झाडावरच्या नंबराला कुंकू लावलं होतं.

कचेरीतल्या छापील तक्त्यात नावाचा रकानाच नव्हता. नंबर तक्त्यात गेले, नावं वहीत राहिली. एकही झाड सुटलं नाही म्हणून साहेबांनी माझी पाठ थोपटली. सुटणार कसं? ज्यांची झाडं त्यांनीच हाताला धरून दाखवली होती.

मार्चमध्ये ठेकेदाराची माणसं पाड्यावर उतरली. बाकीचे मुकाट्याने आपल्याच झाडाखाली मजुरीवर वेचू लागले. बाई ऐकेना. तिने दरवर्षीसारखा झाडाखालचा पाला झाडून काढला, टोपली भरली आणि पकडली गेली. चोरीचा खटला नाशिकला कोर्टात उभा राहिला. साक्षीदार कोण, तर यादी करणारा मी.

त्या दिवशी वही पिशवीत घालून नेली. आज नावं वाचून दाखवायचीच, असं स्वतःला बजावत होतो. मला पाहून बाईचा चेहरा खुलला. झाड कोणाचं, असं विचारल्यावर तिने माझ्याकडे बोट केलं. "या भाऊंना इचारा. त्यांनीच माझं नाव लिवलंय."

पुढच्या बाकावर साहेब बसले होते. माझी बढती त्यांच्या सहीसाठी अडली होती.

"झाड सरकारचं आहे," मी म्हणालो. "नावाची कुठलीही नोंद नाही."

शिक्षा किरकोळ झाली, कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची. झाड मात्र गेलं. आजही तो दिवस आठवला की मला माझी किळस येते.

संध्याकाळी ती फाटकाशी माझी वाट पाहत उभी होती. शिव्या घालेल असं वाटलं; घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने हळूच विचारलं, "भाऊ, वही हरवली का तुमची?"

पिशवी काखेत दाबून मी हो म्हणालो.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "फुडल्या हिवाळ्यात परत या. मी सारी झाडं पुन्हा दाखवीन."