चाचीच्या हातचा पहिला घाव

परवा शुक्रवारी पाटोद्यात माझं स्वतःचं दुकान सुरू झालं. शोभेचं लोखंडी काम... खिडक्यांच्या नक्षीच्या जाळ्या, वेलबुट्टीची गेटं, जिन्याचे कठडे. फोटो का टाकला नाही म्हणून बरेच जण विचारतायत. फोटो काढलाच नाही... का, ते सांगतो.

जागा म्हणजे सहकारी दूध संस्थेची जुनी खोली. दुष्काळात जनावरं छावणीला गेली, दूध आटलं, संस्था बंद पडली. भिंतीवर फॅटचा तक्ता अजून आहे, तो मी पुसला नाही.

भट्टी मांडली, ऐरण रोवली, बोर्डही रंगवून आणला. तर शेजारचा पंक्चरवाला सलीम म्हणतो, "उस्तादाचा हात पडला न्हाई आन् बोर्ड लावलास व्हय बे?" तो हसत म्हणाला... मला लई झोंबलं. खरं होतं म्हणून झोंबलं.

आमच्या कामात रीत आहे. नव्या ऐरणीवर पहिला घाव शिकवणाऱ्याचा. तोवर गिऱ्हाइकाचं माप घ्यायचं नाही.

मला शिकवणारे उस्ताद म्हणजे चाचा. सातवीच्या सुट्टीत त्यांच्याकडे जाऊन बसलो, ते बारावीपर्यंत बसलोच. चाचा वेलीची पानं ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांपासून करायचे. ते लोखंड तापलं की पाण्यात बुडवायचं नाही, परळीच्या वीजकेंद्रातून आणलेल्या राखेत पुरायचं आणि आपोआप निवू द्यायचं. पाण्यात घातलं की कडक होतं आणि वाकवताना तुटतं... हा त्यांचा पहिला धडा.

मग मी बीडला कॉलेजला गेलो. जिच्यावर जीव जडला, ती माझ्याच वर्गात होती... नाव लिहीत नाही, तिच्या घरी त्रास नको. दुसऱ्या वर्षी पाऊस झाला नाही आणि दसऱ्याआधीच तिचं लग्न लावून दिलं. ऊसतोडीला मुकादम नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता मोजतो, उचल जोडीलाच देतो. मुलाकडच्यांना जोडी पुरी करायची होती, एवढंच.

तिची टोळी गेली त्या दिवशी मी कॉलेज सोडलं. परत चाचांच्या भट्टीवर आलो, पण डोकं ठिकाणावर नव्हतं. घाव घालायचो ते लोखंडावर नाही, कुणावर तरी.

एका घरभरणीची जाळी द्यायची होती. राखेत पानं निवायची वाट बघवेना. आत चाचीचा पिण्याच्या पाण्याचा ड्रम होता... टँकर आठ दिवसांनी यायचा... मी लाल पानं सरळ त्यात बुडवली. जोडायला घेतली तर एकामागून एक तुटली.

चाचा ओरडले नाहीत. "पानं गेली जाऊ दे. पानी कुनाला विचारून घेतलं?" एवढंच म्हणाले. माझं माथं फिरलं. माझं सगळं गेलं आणि तुम्ही पाण्याचं काय घेऊन बसलाय, असं काहीतरी बोललो, आणि ड्रमला लाथ मारली.

आठ दिवसांचं पाणी. जमिनीनं ते बघता बघता पिऊन टाकलं. चाची दारात उभी होती, हातात रिकामा तांब्या.

तिथून जो निघालो तो चाकणला. तीन वर्षं दुसऱ्याच्या शेडमध्ये गेटं वेल्डिंग केली. मागच्या उन्हाळ्यात चाचा गेल्याचा फोन आला. सुट्टी मिळत होती... गेलो नाही. कोणत्या तोंडानं जायचं?

आता परत येऊन दुकान मांडलं, तर सलीमचं बोलणं ऐकून गुरुवारी दुपारी चाचीच्या दारात गेलो. ती शेळ्यांना पाला टाकत होती. "आत्ता वाट सापडली व्हय रं," म्हणाली आणि पाला टाकतच राहिली.

मी दुकानाचं सांगितलं, रीतीचं सांगितलं, चाचांच्या जागी तुमचा हात पडू दे म्हणालो. मग जे विचारायला गेलतो ते विचारलं... शेवटी शेवटी चाचा माझ्याबद्दल काही बोलले का.

"न्हाई. नाव न्हाई काढलं त्यांनी तुझं. खोटं कशाला सांगू?"

मी उठलो. चप्पल पायात घालत होतो, तेव्हा मागून म्हणाली, "त्यांनी माफ केलं का न्हाई, ते मला ठावं न्हाई. त्यांचं त्यांच्यापाशी. पर पानी माझं सांडलं तू. तेवढं मी सोडलं."

शुक्रवारी सकाळी ती स्वतःच चालत आली. चाळीस वर्षं चाचांच्या भट्टीचा भाता तिनं हलवलाय, पण हातोडा कधी हातात घेतला नव्हता. मी पट्टी लाल करून ऐरणीवर धरली. सलीम पान्हा तसाच हातात घेऊन दारात उभा राहिला.

पहिला घाव पट्टीच्या कडेवर पडला, ठिणगी उडाली. "नीट धर की, माझाच हात तोडशील," म्हणाली. दुसरा बरोबर बसला. माझी मान वर होईना... फोटो कुठला काढणार?

हातोडा खाली ठेवून तिनं पदरानं हात पुसले आणि म्हणाली, "आता माझं काम घे. त्यांच्या कबरीभवती जाळी करून दे. शेळ्या चढत्यात." मी म्हणालो, आठ दिवसांत देतो. तिनं मान हलवली. "घाई करू नको. ते कुठं जायचेत आता."

उद्या सकाळी माप घ्यायला कबरस्तानात जातोय. नुसतं भेटायला जायची माझी छाती झाली नसती, हे तिला कळलं असणार... चाची, तुम्ही मला त्यांच्यासमोर काम घेऊन उभं केलंत, लई उपकार झाले.