खाडीकाठची ताटली

पलीकडच्या खोलीत ताटलीवर चमचा वाजला की अजूनही माझ्या नाकात खाडीच्या चिखलाचा वास येतो.

सातवीत असताना आवाजाचा वेग मोजायला बाबा मला कोपरच्या खाडीवर घेऊन गेलेले. ते स्टीलची ताटली आणि लाटणं घेऊन बांधावर उभे राहिले. मी दोरीने अंतर मोजत ओहोटीच्या चिखलात लांबवर गेले. त्यांचा हात खाली आलेला दिसला की स्टॉपवॉच सुरू करायचं, आवाज कानावर आला की बंद. मधली ती शांतता मला फार आवडलेली.

मग बाबा थांबेचनात. ठण, ठण, ठण. मी इमानदारीत बटण दाबत राहिले आणि मनातून चिडले, ‘काय हे, नीट मोजू तरी द्या!’ त्यांचं तोंड उघडत-मिटत होतं, पण वाऱ्यात शब्द येत नव्हते. घोट्याला गार लागलं तेव्हा खाली बघितलं. भरतीचं पाणी माझ्या मागून वळसा घालून आमच्या दोघांच्या मधे शिरलं होतं.

कंबरभर पाण्यातून त्यांनी मला ओढून काढलं. “अगं, बोलावत होतो तुला,” एवढंच म्हणाले. लाटणं अजून मुठीतच होतं.

पुढे बऱ्याच वर्षांनी अर्धांगाच्या झटक्यात बाबांची वाचा गेली. आता हाक मारायला ते उशाजवळच्या ताटलीवर चमचा आपटतात. एकदाच वाजली तर पाणी हवं असतं. वाजायची थांबली नाही, तर मी हातातलं टाकून पळते, आणि त्या चार पावलांत माझे पाय पुन्हा चिखलात रुततात.