पंख्याचा आवाज आणि गच्चीवरच्या कुरडया

दोन वर्षं मी पुण्यात बसून अकोल्याच्या एका कारखान्याचा पर्यावरण अहवाल लिहितेय. भंगारातलं ॲल्युमिनियम वितळवून त्याचे ठोकळे पाडणारा कारखाना. वीज किती लागली, तेल किती जळलं, धूर किती सुटला याचे आकडे ते मेलवर पाठवतात आणि मी त्यांची छान छान वाक्यं करते. यंदा मार्चमध्ये आकडे आले तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. जी भट्टी जन्मात पाहिली नाही, तिच्याबद्दल इतकं ठासून लिहायचं? आधी अमरावतीला कंपनीच्या कार्यालयात, मग अकोल्याला कारखान्यात, असं ठरवून तिकीट काढून टाकलं.

पुण्याहून येणाऱ्यांनी थेट अमरावतीच्या गाडीचा हट्ट धरू नये. बडनेऱ्याला उतरावं, बाहेर ऑटो उभेच असतात. भाव मात्र बसण्याआधी ठरवा. अमरावतीत सकाळी सकाळी गिलावडा खाल्ला. दह्यात बुडालेला, वरून चटणी. दुसरी प्लेट घेणार नव्हते, पण घेतली.

कंपनीचं कार्यालय राजापेठेकडे आहे. तिथे रवी भेटला, मूळचा मूर्तिजापूरचा, कंपनीचा पर्यावरण अधिकारी. मेलवर आमची जुनी ओळख. त्याने आधी भिंतीकडे बोट दाखवलं. मागच्या अहवालातलं माझं वाक्य तिथे फ्रेममध्ये लावलं होतं : 'विजेच्या वापरात उल्लेखनीय बचत.'

"सायबांनी लावलं, मॅडम. येनाऱ्या-जानाऱ्याले दाखवतेत."

खोटं कशाला सांगू, कॉलर ताठ झाली. फोटोही काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी रवी कंपनीच्या गाडीने पुढे गेला. मी एसटी घेतली, बायकांना अर्धं तिकीट आहे आणि खिडकी फुकट. रस्ता आता झकास आहे. मूर्तिजापूरमार्गे दोन-अडीच तास लागतात. औद्योगिक वसाहत अकोल्याच्या अलीकडेच येते, त्यामुळे स्टँडपर्यंत जाऊन परत फिरण्याचा मूर्खपणा करू नका. मी केला.

कारखाना बघून बरं वाटलं. भट्टीचा धूर जाड नळीतून ओढला जातो, कापडी पिशव्यांमधून गाळला जातो आणि मग चिमणीतून जवळजवळ स्वच्छ बाहेर पडतो. तो ओढायला माणसापेक्षा उंच पंखा आहे. त्याच्या शेजारी पिठाच्या गिरणीत उभं राहिल्यासारखं ओरडून बोलावं लागतं. मी भरपूर टिपणं काढली, रवीचा निरोप घेतला, परतीची बस पकडते म्हणाले आणि निघाले.

पण भूक लागली होती. फाटकावरच्या पहारेकऱ्याने मागच्या गल्लीतलं सुनंदाताईंचं घर सांगितलं. त्या कामगारांना डबे देतात आणि उन्हाळ्यात कुरडया-पापड करून विकतात. ज्वारीची भाकरी, बेसन, ठेचा आणि फोडलेला कांदा. तिकडे गेलात तर जेवाच.

भाकरी होईपर्यंत गच्चीवर डोकावून आले. पांढऱ्या साड्या अंथरून कुरडया घातल्या होत्या. सहज म्हटलं, "ऊन चांगलंय तुमच्याकडे."

"ऊन हाये, पन रोज नाई घालता येत," भाकरी थापत त्या म्हणाल्या. "या धुरानं काळे ठिपके पडतेत. ठिपक्याची कुरडई कोन घेते? मी चीक शिजवून बार्शीटाकळीले बहिणीकडे नेते, तिच्या गच्चीवर वाळवते."

"मग आज?"

"आज सकाळपासून पंख्याचा आवाज येऊन राह्यला ना! म्हटलं, कोनी मोठं मानूस येऊन राह्यलं. मंग बार्शीटाकळी रद्द केली, इथंच घातल्या."

मोठं माणूस म्हणजे मी. हे सांगावं की नाही या विचारात दुसरी भाकरी मोडली, आणि तेवढ्यात पंख्याची ती घरघर बंद पडली. गल्ली एकदम शांत झाली.

सुनंदाताई तव्यावरची भाकरी तशीच सोडून जिन्याकडे धावल्या. मी उष्ट्या हाताने मागे. साडीची दोन टोकं त्यांनी धरली, दोन मी. कुरडया अजून ओल्याच होत्या. उचलताच मोडायला लागल्या. तिसरी साडी गोळा करेपर्यंत चिमणीतून काळा लोट निघाला होता.

"मेल्यांनो, मानूस गावाबाहेर तरी जाऊ द्याचं होतं!" त्या भिंतीकडे बघून ओरडल्या. मग खाली बसून मोडके तुकडे वेचू लागल्या. तीन दिवस गहू भिजवून केलेलं काम होतं ते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तशीच फाटकाशी गेले. रवी आला आणि चपापला.

"तुमी गेल्या नाई अजून?"

"पंखा का बंद केला?"

तो उर्मट नव्हता, लपवतही नव्हता. "मॅडम, पंखा चालला का विजेचा आकडा चढते, बंद ठेवला का धूर न गाळताच चिमणीत जाते. धूर मोजाले येतेत त्या दिवशी चालवतो आमी. सायबाले आकडा कमी पाहिजे, तुमाले कमी पाहिजे. तुमीच तर उल्लेखनीय म्हनलं. मंग मी काय करू?"

मी गौरवलेली बचत म्हणजे बंद पंखा होता. धूर मोजला जायचा पंखा चालू असताना आणि वीज वाचायची तो बंद असताना. दोन्ही चांगले आकडे मी एकाच पानावर शेजारी शेजारी छापले होते.

घरी येऊन मी कंपनीला कळवलं : विजेच्या आकड्याशेजारी पंखा किती तास चालला तेही छापायचं, मागचं वाक्य मागे घ्यायचं, नाहीतर यंदा माझी सही नाही. हे काम गेलं तर माझी वर्षाची निम्मी कमाई जाईल. उत्तर अजून आलेलं नाही. फ्रेमचा फोटो फोनमधून काढलेला नाही. काढायचाही नाही.

निघताना सुनंदाताईंना ते मोठं माणूस मीच हे सांगून टाकलं होतं, तरी त्यांनी मोडक्या कुरडयांची पुडी दिली. तळून खाल्ल्या. ठिपके दिसत होते.

काल त्यांना फोन केला. "थांबा, गच्चीवर जाते," म्हणाल्या. मग बराच वेळ नुसती घरघर ऐकू आली.

"चार दिसापासून चालू हाये," त्या म्हणाल्या.

"मग घातल्या कुरडया?"

"नाई. यंदा बार्शीटाकळीलेच नेते. तुमी येनार असान परत, म्हनून चालू असन."