ओळख परेडीतला चौथा

मले नकला जमतात. गुण म्हणा का खोड म्हणा. नरखेडकडच्या शाळेत होतो तवा हेडमास्तरांच्या लंगड्या चालीची नक्कल केली, तं दिवसभर माहा पाय तसाच पडत गेला. संध्याकाळी आई म्हणे, "काहाडून ठेव गा तो पाय, जेवाले बसून राहिलो आपण." तिले वाटे मी मुद्दाम करतो. पण एखाद्याले अंगावर घेतलं का तो माह्याच्यानं लवकर उतरतच नाही.

पुढं नागपूरले आलो. युनिवर्सिटीत फौजदारी कायद्याचा कोर्स, शहरालगतच्या वाडीले भाड्याची खोली, खिडकीत चोवीस तास ट्रकचे हॉर्न. घरच्यांले वाटे पोरगा ठाणेदार होऊन येईन. पोरगा इकडं वर्गात सरांची नक्कल करून राहिला होता. "आरोपीला... काय... संशयाचा... काय... फायदा," असं चष्मा काढत-घालत म्हणलं का पोट्टे बेंचावर लोळत. एक दिवस सर दारातच उभे. म्हणे, "चष्मा इतका खाली नसतो रे माझा." बस, तेवढंच बोलले.

त्याच सरांनी आम्हाले परेडीले पाठवलं. नायब तहसीलदार साहेबांले एका केसमध्ये ओळख परेड घ्यायची होती. आरोपी आमच्याच वयाचा, सावळा, सडपातळ. त्याच्यासारखेच दिसणारे सहा पोट्टे लाइनीत उभे करायचे, त्याह्यले डमी म्हणतात. साक्षीदारानं येऊन सातातल्या एकाच्या खांद्यावर हात ठेवायचा. सावळ्या सडपातळ पोट्ट्यांचा आमच्या वर्गात काय तोटा? "सरकारले आपल्या थोबाडाचं काम पडलं बे," म्हणत सहा जण निघालो.

केस सरांनी थोडक्यात सांगितली होती. वाडीतल्या एका गोदामात मिरचीचे देठ खुडणारी बाई. कामावरून पायी घरी जात होती. वाटेत पानठेल्यापाशी उभ्या मोटारसायकलवाल्यानं मांगून येऊन गळ्यातली पोत ओढली. बाई पडली, मनगट मोडलं. पोत काही सापडली नाही, अन् पोट्ट्याले पाहणारी ती एकटीच. तिनं ओळखलं तं केस उभी, नाही तं काहीच नाही.

जेलच्या आवारातली एक खोली होती. आरोपीले आत सोडून पोलिस बाहेर गेले, परेडीत त्याह्यले थांबता येत नाही. साहेब अन् दोन पंच टेबलापाशी कागद लिहीत होते. आम्ही सात जण भिंतीशी. आरोपी नेमका माह्या बाजूले. उजवीकडं कलती मान, डावा खांदा चढलेला, सारा भार एका पायावर. मले कुठी राहवते? म्याही मान टाकली, खांदा चढवला, पाय ढिला सोडला. पोट्टे तोंड दाबून हसाले लागले.

आरोपीनं माह्याकडं पाह्यलं. मंग स्वतःच्या पायाकडं पाह्यलं. अन् हळूच सरळ झाला.

"मस्त जमते बे तुले," तो म्हणे.

मी खूश. दाद कोणीही दिली तरी मी खूश होतो.

साहेब त्याले म्हणाले, "तुला हवं तिथं उभा राहा." तो पार कोपऱ्यात गेला अन् शाळेतल्या प्रार्थनेले उभा राहावं तसा ताठ राहिला. मी चौथा. साहेबांनी सांगितलं, कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही.

बाई आली. माह्या आईच्या वयाची. हाताले प्लास्टर, डोक्यावर पदर. एकेकापाशी थांबत आली. आधी उभं राहणं पाहे, मंग तोंड. माह्यापाशी आली अन् तिथीच थांबली. तवा मले समजलं, माही मान अजून कलतीच आहे.

तिचा चांगला हात माह्या खांद्यावर पडला. मिरचीचा वास आला.

"हाच. पानठेल्यापाशी असाच उभा होता, मान टाकून." मंग माह्या डोळ्यांत पाहून म्हणे, "काहून रे? हात मोडला नं माहा. काहून केलं?"

डमीले बोलता येत नाही.

"झालं नं साहेब?" तिनं इचारलं.

"झालं. या तुम्ही," साहेब म्हणाले. बाई डोळे पुसत गेली, खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखी.

साहेबांनी लिहिलं, साक्षीदाराने चौथ्या क्रमांकाच्या व्यक्तीस स्पर्श केला. चौथा म्हणजे मी, डमी. साहेब म्हणाले, "कोणाला काही सांगायचं आहे?" सांगाले पाहिजे होतं. पण सांगू काय? जेलमध्ये उभा राहून नकला करत होतो म्हणू? पोट्टे पंख्याकडं पाहून राहिले होते. मी सही केली. आरोपीनंही केली, तक्रार नाही म्हणून.

तिसऱ्या दिवशी सरांले सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढला, घातला, परत काढला. मले नक्कल सुचली नाही.

"तिथंच बोलला असतास तर साहेबांनी नोंद केली असती," ते म्हणाले. "आता बाईंनी सगळे चेहरे पाहिलेत. दुसरी परेड घेऊन उपयोग काय?" चष्मा घालून म्हणे, "लिहून दे. मी पोचवतो."

मी लिहून दिलं. त्याचं पुढं काय झालं, मले सांगितलं नाही कोणी. तो आरोपी पोट्टा माही नक्कल पाहून लाजून सरळ झाला होता का डाव समजून, हेही मले अजून माहीत नाही. खरंच तोच होता का, तेही नाही. बाईले माहीत असंन, पण तिच्या डोळ्यांत आता मीच होतो.

महिनाभरानं ती वाडीच्या बस स्टॉपवर दिसली. प्लास्टर निघालं होतं. मले पाह्यलं अन् पदर गळ्याभोवती घट्ट केला.

"काकू, मी तो नाही. मी कॉलेजचा..."

"हाव, सांगितलं पोलिसांनं. कॉलेजचा होय म्हणे. त्याह्यनं तुले सोडला. म्या पाह्यला नं तुले." ती दोन पावलं मांगं सरली. "आता काही नाही बावा माह्या गळ्यात. जाय."

मी ताठ उभा होतो. बस आली. मी चढंन म्हणून ती चढली नाही. मी रस्त्यापलीकडं पळालो, तिले चढता यावं म्हणून, तवर बस निघून गेली होती. मंग ती पायीच निघाली, पोत गेली त्याच रस्त्यानं, घडीघडी मांगं वळून पाहत.