बॉबचा ड्रायव्हर

मुलीकडे अमेरिकेत राहायला गेलो होतो, तेव्हा शेजारच्या रूथबाईंनी एका सकाळी कॉफीला बोलावलं. बाहेर अजून बर्फ होता. टेबलावर मोटार शर्यतींच्या नव्या मोसमाचं वेळापत्रक पसरलेलं होतं आणि बाई एकेका रविवारभोवती पेन्सिलीने गोल काढत होत्या. उघड्या चाकांच्या त्या बुटक्या, वेगवान गाड्यांच्या शर्यती त्या आणि त्यांचे यजमान बॉब चाळीस वर्षं एकत्र बघत आले होते. दिवाळीच्या सुमारास बॉब गेले.

"यंदा मी बॉबच्या आवडत्या ड्रायव्हरच्या बाजूने आहे," त्या म्हणाल्या. "मला तो कधीच आवडला नाही. त्याच्यावरून आम्ही हिवाळाभर भांडायचो. पण आता त्याच्यासाठी ओरडणारं या घरात कोणी राहिलं नाही."

माणूस गेला की घर मागे बघत बसतं, असं मला वाटायचं. ही बाई येणारे रविवार मोजत होती आणि त्यातल्या प्रत्येकात तिने नवऱ्याला जागा ठेवली होती.

"तुम्ही कोणाच्या बाजूने?" त्यांनी विचारलं.

मला एकही नाव माहीत नव्हतं. वेळापत्रकाखाली ड्रायव्हरांची यादी होती, तिच्यातल्या एका नावावर मी उगाच बोट ठेवलं.

"हा?" बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो, याला पावसात गाडी चालवता येत नाही."

"यंदा येईल," मी म्हणालो.

बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि आमचं भांडण सुरू झालं.