कुत्र्याचा घास

कंपनीनं ट्रेनिंगला जर्मनीला पाठवलं, तेव्हा मी रोज एकाच बर्गरवाल्याकडं जेवायचो. आमच्या शिक्रापूरला हायवेवर त्यांचंच दुकान आहे. तीच लाल बाकडी, तोच तळणाचा वास. आत शिरलं की जीव थाऱ्यावर यायचा.

कोपऱ्यात पांढऱ्या टोपीतले एक म्हातारबाबा बसायचे. आमच्याच तालुक्यातल्या कवठे येमाईचे, मुलाकडं आलेले. खाण्याआधी फ्राईजचा एक तुकडा टेबलाच्या कडेला काढून ठेवायचे.

"कुत्र्याचा घास," ते म्हणाले. "मेंढरं इकली, कुत्रं मेलं, पर हात ऐकत न्हाई."

"आबा, इथं करमतं का?"

"पोराच्या घरी न्हाई करमत. हितं बरंय." त्यांनी दाराकडं बघितलं. "दुकान एकच हाय बघा. दारं तेवढी गावोगाव. आपल्याकडचं दार घावलं की जाईन."

परत आल्यावर पहिल्याच दुपारी मी शिक्रापूरच्या दुकानात शिरलो. कोपरा रिकामा होता. टेबलाच्या कडेला फ्राईजचा एक तुकडा होता, अजून गरम.

"इथं कोण बसलं होतं?" मी टेबल पुसणाऱ्या ताईंना विचारलं.

"टोपीवाले आबा. आत्ता तर उठले. तुमच्या समोरनंच गेले असतील की."

दुकानाला दार एकच आहे. त्यातून मी आत आलो, तेव्हा समोरून कुणीच आलं नव्हतं.