खुलताबादच्या रस्त्यावरचे एकाहत्तर

मी ताशी एकाहत्तर किलोमीटर वेगानं गाडी चालवली, ही बातमी मला पुण्याहून कळली. ही नवी गाडी मुलानं घेऊन दिलेली, माझ्या नावावर. पण कागदपत्रांत मोबाइल नंबर त्याचा होता, त्यामुळे चलनाचा मेसेज त्याच्या फोनवर गेला. सोबत फोटोही होता. आमची करडी गाडी, तिचा नंबर, काचेमागे माझं पांढरं डोकं आणि शेजारी बायकोचा केशरी पदर. खाली लिहिलेलं: मर्यादा पन्नास, वेग एकाहत्तर.

संध्याकाळी त्याचा फोन आला.

"बाबा, शनिवारी खुलताबादला गेला होतात?"

"दर शनिवारी जातो. तुझी आई मारुतीला जाते, मी बाहेर पेपर वाचतो."

"एकाहत्तरनं?"

"कोण म्हणतं?"

"मशीन म्हणतं."

"मशीनला म्हणावं, मी पन्नासच्या वर कधी जात नाही."

हे मी मनापासून बोललो होतो. मी पन्नासच्या वर जात नाही ही आमच्या कॉलनीत सर्वमान्य गोष्ट होती. जुन्या गाडीत माझ्या मागे अडकलेले लोक हॉर्न वाजवत आणि मी त्यांना आरशातून समंजसपणे बघत असे.

"मी इथून भरून टाकतो," मुलगा म्हणाला. "दोन मिनिटांचं काम आहे. पण एक सांगतो, राग मानू नका. हे खरं असेल तर आता गाडी बंद. रिक्षा करा. मी तुमच्या फोनमध्ये ॲप टाकून देतो."

आयुष्यभर मी एसटीच्या वेळापत्रकावर जगलो. सोयगावच्या कॉलेजात शिकवत होतो तेव्हा बस चुकली की दिवस चुकायचा. निवृत्तीनंतर हातात किल्ली आली तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, की ज्याच्या हातात किल्ली असते त्याला "कुठं निघालात" असं कुणी विचारत नाही. ती किल्ली जाणार होती. दंड फुटकळ होता, पण तो भरणं म्हणजे एकाहत्तर मान्य करणं.

"भरू नकोस," मी म्हणालो. "मी कोर्टात जाईन."

फोन ठेवला आणि मग आपण काय बोललो ते लक्षात आलं.

आमच्या घरात कोर्टाला अदालत म्हणत, तेही आवाज खाली घेऊन. वडील तिथं कारकून होते. पोलीस ॲक्शननंतर निजामाचं राज्य गेलं, दफ्तरातली उर्दू जाऊन मराठी आली, खुर्चीवरची माणसं बदलली. हाकिमासमोर वडिलांची पाठ मात्र जेवढी वाकायची तेवढीच वाकत राहिली. त्यांनी कधी काही गुन्हा केला नव्हता. तरी रोज संध्याकाळी सुटून आल्यासारखे दिसायचे. ती भीती मला वारशात आली. दुसरं काही आलं नाही, त्यामुळे वाटणीवरून भावांशी भांडणही झालं नाही.

वाचनाचा इथं काही उपयोग झाला नाही. न्यायालयांबद्दल जगभरच्या लोकांनी लिहिलेलं मी पुष्कळ वाचलंय आणि त्यातलं एकही पान धीर देणारं नाही.

"भरा की अहो," बायको म्हणाली. "लोक खून करून जात नाहीत कोर्टात, तुम्ही चलनासाठी निघालात."

चलन तसंच राहिलं, मग कोर्टाची नोटीस आली. तारीख, वेळ, माझं पूर्ण नाव आणि त्याच्याआधी 'आरोपी' हा शब्द. मी ती वाचली, घडी घातली, पुन्हा उघडून वाचली. शब्द तिथंच होता. त्या आठवड्यात दाराची बेल वाजली की मी आधी पडदा सारून बघायचो, आणि बाहेर दूधवाला असायचा.

शेवटी म्हटलं, जागा तरी बघून येऊ. एकटाच गाडी घेऊन गेलो. दौलताबाद मागं टाकल्यावर, फोटोत दिसत होतं त्या वळणाआधी गाडी बाजूला घेतली आणि पन्नासची पाटी शोधू लागलो. पाटी होती. तिच्यापुढं एक भलाथोरला फ्लेक्स उभा होता. कुणा भावी नेत्याचा वाढदिवस. भावी काय, ते लिहिलेलं नव्हतं. अजून ठरलं नसावं. गॉगल, कानाला फोन, मनगटात साखळी, आणि पायापाशी दोन रांगांत शुभेच्छुकांचे गोल गोल चेहरे, ताटात मांडलेल्या पेढ्यांसारखे. त्याच्याआडून पाटीच्या लाल वर्तुळाची कड आणि पन्नासातलं शून्य तेवढं बाहेर डोकावत होतं. शून्याची मर्यादा पाळायची तर माणसानं घरीच बसायला हवं.

मला फार आनंद झाला. मी बरेच फोटो काढले. मला बिनबोभाट सोडवू शकेल असा पुरावा त्या भावी माणसानं स्वखर्चानं उभा केला होता.

आमच्या कॉलनीत एक वकीलबाई राहतात. वयानं माझ्या मुलाहून लहान, पण बोलायला लागल्या की आपणच लहान होतो. त्यांना फोटो दाखवले. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि फोन माझ्याकडं वळवला.

"सर, हे खालच्या रांगेत कोण?"

मी चष्मा पुसला. खालच्या रांगेत डावीकडून पहिल्या पेढ्यात मी होतो. नावाखाली 'मार्गदर्शक'. कॉलनीच्या गणपतीत काढलेला फोटो होता. मागचा मखराचा थर्माकोल कापायचा राहून गेला होता. मी त्या भावी गृहस्थाला आयुष्यात एकदाच भेटलो होतो, तेही त्यानं माझ्या पाया पडून फोटो काढून घेतला एवढंच.

"मला विचारलंसुद्धा नाही हो!"

"कुणालाच विचारत नाहीत, सर. पण पाटी झाकणाऱ्यांत तुम्हीपण आहात म्हणायचं." त्या हसत होत्या. मी हसू शकलो नाही. एका गुन्ह्यातून सुटायला आलो होतो आणि दुसरा चिकटू पाहत होता. शिवाय हा फोटो कोर्टात दिला आणि त्या भावी माणसाच्या कार्यकर्त्या पोरांना कळलं, तर ती काही माझ्या पाया पडायला येणार नव्हती.

"पण खरी भानगड ती नाहीये," वकीलबाई म्हणाल्या. त्यांचं हसू गेलं होतं. "मला सांगा, तुम्ही कोर्टात काय म्हणणार?"

"पाटी दिसत नव्हती म्हणून."

"म्हणून काय? म्हणून एकाहत्तरनं गेलो?"

मी फोन परत घेतला.

"पाटी दिसली नाही म्हणायचं म्हणजे वेग कबूल करायचा, सर. मर्यादा माहीत नव्हती, एवढंच त्यातून होतं. तुमच्या मुलाचं कशाशी भांडण आहे? पाटीशी का वेगाशी?"

मुलाचं वेगाशी होतं. म्हणजे हा पुरावा घेऊन मी कोर्टात कदाचित सुटलो असतो आणि घरी नक्की अडकलो असतो.

"दुसरा रस्ता आहे," त्या म्हणाल्या. "गुन्हा नाकबूल करा. पुढची तारीख मिळेल. मग मी मशीनची तपासणी कधी झाली त्याचा दाखला मागते. दाखल्याची मुदत संपलेली असली तर खेळ खलास. तुम्ही एकाहत्तरनं गेलाच नाहीत असं तुमचं म्हणणं आहे ना?"

"आहे."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणालो. पण तो 'नक्की' मलाच पुरता पटला नाही.

रविवारी सकाळी लवकर मी बायकोला गाडीत बसवलं. रस्ता तोच, मोकळा.

"मी समोर बघणार," मी सांगितलं. "मीटरकडं बघणार नाही. मला पन्नास झाले असं वाटलं की मी 'आता' म्हणेन. तू आकडा सांग."

"हे काय नवीन?"

"सांग तर."

मी नेहमीसारखा चाललो. खिडकीबाहेर शेतं सावकाश सरकत होती. सगळं नेहमीचं, आरामशीर.

"आता."

"अडुसष्ट."

"नीट बघ."

"मी जन्मभर शाळेत गणित शिकवलंय. अडुसष्ट."

वेग कमी केला, पुन्हा वाढवला. "आता."

"चौसष्ट."

पुन्हा. "आता."

"त्र्याहत्तर. अहो, कमी करा, कमी करा!"

मी गाडी बाजूला घेतली. तेव्हा उलगडा झाला. मी मीटर कधी बघितलाच नव्हता. आमच्या जुन्या गाडीत पन्नास झाले की चारी दारं वाजायची, आणि थोडं पुढं गेलं की समोरच्या कप्प्याचं झाकण आपोआप उघडून बायकोच्या मांडीवर पडायचं. मी वेग कानांनी मोजत आलो होतो. या नव्या गाडीला आवाजच नाही. आणि माझ्या कानांबद्दल टीव्हीचा आवाज कमी करत बायको काय काय बोलते, ते मी ऐकून न ऐकल्यासारखं करत होतो. आता वाटलं, त्यातलं बरंचसं ऐकूच येत नसावं.

बायकोनं दारावरचं हँडल घट्ट धरलं होतं. बोटं पांढरी पडली होती.

"शनिवारीही असंच धरतेस?"

"व्हय."

"केव्हापासून?"

"ही गाडी आल्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही चालवताना लई खूश असता." तिनं हँडल सोडलं. "अन् मला वाटायचं, मारुतीच्याच वाटेवर आहोत, काय व्हायचंय."

एवढे शनिवार ती माझ्या शेजारी भिऊन बसत होती आणि मी तिला रस्त्याकडेचे सीताफळांचे ढीग दाखवत होतो. कोर्टाची भीती इतके दिवस बाहेर होती, कोर्टाच्या अदालत रोडवर. त्या सकाळी ती गाडीत येऊन बसली.

तारखेला वकीलबाईंना व्हरांड्यातच सगळं सांगितलं. त्यांनी कानांवर हात ठेवले.

"सर, हे मला सांगू नका हो. मला कळलं की माझीच अडचण होते. तुम्ही 'नाही' म्हणा, बाकीचं मी बघते."

आत उंच चौथरा, त्यावर उंच टेबल, त्यामागं उंच पाठीची खुर्ची, आणि त्या सगळ्या उंचीवर सर्दी झालेला एक तरुण न्यायाधीश थर्मासमधून गरम पाणी पीत बसला होता. एरवी अशा थाटाची मी मनातल्या मनात यथेच्छ टिंगल केली असती. पट्टेवाल्यानं माझं नाव पुकारलं आणि माझी पाठ वडिलांएवढी वाकली. मी ती सरळ करायचा प्रयत्न केला. झाली नाही.

"अतिवेग. गुन्हा कबूल आहे का?"

वकीलबाईंनी माझ्याकडं बघून मान किंचित हलवली. नाही म्हणायचं होतं. एका शब्दाचं काम; किल्ली निदान पुढच्या तारखेपर्यंत राहिली असती, कदाचित कायमची. शेजारी बायको नव्हती, पण मला तिची पांढरी पडलेली बोटं दिसत होती.

"कबूल आहे," मी म्हणालो.

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले.

न्यायाधीशांनी वर बघितलं. "काही सांगायचंय?"

"पाटी झाकलेली होती, साहेब. पण दिसली असती तरी मी पन्नासनंच चाललोय असं समजलो असतो."

"म्हणजे?"

"मला वेग कळत नाही."

मागं कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी दंडाचा आकडा लिहिला, नाक पुसलं आणि म्हणाले, "मीटर बघत जा, आजोबा." आरोपी हा शब्द मी नोटिशीत पचवला होता. आजोबा मात्र लागला.

मुलाला बाहेरूनच फोन केला. "एकाहत्तर खरं होतं," मी सांगितलं. "आईला घेऊन पुन्हा करून बघितलं. त्र्याहत्तर झाले."

मग तो म्हणाला, "मी शनिवारी येतोय." आवाज रागावलेला असता तर बरं झालं असतं. तो घाबरला होता.

शनिवारी तो मागच्या सीटवर बसला. "चालवा," म्हणाला. मी निघालो. या वेळी मी मीटर बघत होतो. पंचेचाळीस, सत्तेचाळीस, पन्नास, पुन्हा अठ्ठेचाळीस. काटा कसा हलतो हे मी इतक्या बारकाईनं कधी पाहिलं नव्हतं.

"बाबा, समोर!"

समोर ट्रॅक्टरची ट्रॉली होती, उभी. मी ब्रेक दाबला. गाडी ट्रॉलीच्या इतकी जवळ थांबली की तिच्या मागं लिहिलेली अक्षरं काचेत मावेनात. इंजिन चालू होतं की बंद, ते मला कळत नव्हतं.

मीटर बघितला तर रस्ता दिसत नाही आणि रस्ता बघितला तर वेग कळत नाही. यावर कुठलंही कोर्ट काही करू शकत नव्हतं.

मुलगा उतरला, फिरून माझ्या दारापाशी आला आणि दार उघडून उभा राहिला. कोर्टात निदान विचारतात तरी. मी उतरलो, मागं जाऊन बसलो. त्यानं सीट पुढं घेतली, आरसा स्वतःपुरता वळवला.

मागून मीटर दिसत नव्हता. थोडं अंतर गेल्यावर मी विचारलं, "केवढ्यानं चाललायस रे?"

"पन्नास."

मला तीस वाटले होते.

खुलताबादला पोचल्यावर त्यानं गाडी सावलीत लावली आणि किल्ली खिशात टाकली. मी मागितली नाही.